सोबतीचे श्रम : टूर लीडरच्या कामाचा ताण अभ्यासू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

गटसहलीचे माहितीपत्रक उघडले की 'सहलीच्या रकमेत समाविष्ट' या मथळ्याखाली एक यादी असते. रेल्वेचे किंवा विमानाचे तिकीट, दोघांत एक खोली, सकाळचा चहा-नाश्ता, दोन वेळचे जेवण, प्रवेश शुल्क, बस. यादीच्या शेवटी बहुधा एक ओळ येते : अनुभवी टूर लीडर सोबत. खोली कशी, बस वातानुकूलित की साधी, जेवण जैन मिळेल की नाही, हे सगळे तपशिलाने छापलेले असते. सोबत येणारा हा माणूस दिवसाचे किती तास सोबत असतो, कोणत्या अधिकाराने असतो आणि त्याबदल्यात त्याला काय मिळते, याविषयी मात्र पत्रकात काही नसते. या पुस्तकाचा विषय आहे ती शेवटची ओळ.

हे क्षेत्र अनेक विद्याशाखांच्या सीमेवर आहे. व्यावसायिक आरोग्याचे अभ्यासक त्याकडे सेवाक्षेत्रातला ताण म्हणून पाहतात, पर्यटनाचे अभ्यासक सेवेचा दर्जा म्हणून, तर समाजशास्त्रज्ञ श्रमाचा एक प्रकार म्हणून. त्यामुळे नव्याने येणाऱ्याला आधी सगळेच वाचून काढावे लागेल की काय, अशी धास्ती वाटते. तशी गरज नाही. चार-पाच कल्पना नीट समजल्या आणि सहलीचा एखादा दिवस जवळून पाहिला की कामाला लागता येते. समाजकार्याच्या, मानसशास्त्राच्या, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे जमेल, आणि ज्याने दहा हंगाम बसच्या पुढच्या सीटवर काढले आहेत त्याला तर अधिकच चांगले जमेल. दोघांचेही येथे स्वागत आहे.

अभ्यासासाठी वर्धा जिल्हाच का, असा प्रश्न साहजिक आहे. येथे गट येतात तसे येथून गटही निघतात, आणि दोन्ही बाजू एकाच ठिकाणी पाहता येतात. येणाऱ्यांचा मार्ग ठरलेला आहे : सेवाग्राम आश्रम, पवनारला धाम नदीकाठचे ब्रह्मविद्या मंदिर, गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप, मगन संग्रहालय, वेळ असेल तर केळझरचा गणपती किंवा गिरडचा दर्गा, आणि मुक्काम असेल तर बोर व्याघ्र प्रकल्प. गोरस भांडाराचा गोरसपाक घेतल्याशिवाय बस सहसा हलत नाही. निघणाऱ्यांसाठी मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग वर्धा व सेवाग्राम या स्थानकांवरून जातात. चारधाम, रामेश्वर, जगन्नाथपुरी, काश्मीर, कोणतीही दिशा घ्या. कापूस-तुरीचे पैसे हाती आल्यावर हिंगणघाट, देवळी, आर्वीकडची मंडळी यात्रेला निघतात. उन्हाळी सुट्टीचा हंगामही येथे लांबतो, कारण उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. राज्यातला इतर टूर लीडर घरी परतलेला असतो तेव्हा इकडचा अजून एक गट घेऊन निघालेला असतो.

टूर लीडर एकाच साच्याचा नसतो, हेही येथे लवकर कळते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपनीचा प्रशिक्षित टूर मॅनेजर असतो. गावातला यात्रा नेणारा असतो. बस, आचारी, गॅस सिलिंडर आणि हिशेबाची वही सगळे त्याचेच. भजनी मंडळाचा प्रमुख असतो. हिवाळ्यात एसटीच्या सवलतीच्या गाडीतून मुले घेऊन सेवाग्रामला आलेला शिक्षक असतो, ज्याच्या सेवापुस्तकात या कामाची नोंद कोठेही होत नाही. अभ्यासक बहुधा पहिल्यापाशीच थांबतात, कारण त्याची नेमणूक कागदावर असते. या पुस्तकात चौघांनाही टूर लीडर मानले आहे. स्थळाची माहिती सांगणारा गाइड त्यांच्याहून वेगळा. तो त्या जागेपुरता भेटतो आणि दोन तासांत निरोप घेतो. पर्यटनसेवांच्या परिभाषेचे २००३ चे युरोपीय मानकही गाइड आणि टूर मॅनेजर या दोन भूमिका वेगळ्या मानते.

आता तो दिवस. वर्ध्याहून निघालेला गट हरिद्वारला मुक्कामी आहे असे समजू. पहाटे साडेचारला महाराजांना, म्हणजे आचाऱ्याला, चहासाठी उठवायचे. पाच वाजता दारोदार टकटक. दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी येत नाही; हॉटेलवाला म्हणतो, बॉयलर सुरू होतोय. एका काकांची बीपीची गोळी घरीच राहिली आहे, दुकान नऊला उघडते आणि बस सातला निघते. बसमध्ये डोकी मोजली तर दोन कमी. ती दोघे पाच मिनिटांत येतो म्हणून घाटावर गेली आहेत. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज येतो, "काहो भाऊ, आज खिडकीची जागा आमची होती न? काल तुम्हीच म्हटलं होतं." जागांचा क्रम रोज बदलायचा हे ठरलेले असते, पण गुडघे दुखणाऱ्या आजींना मागे कसे बसवायचे हे ठरलेले नसते. सव्वासातला बस हलते. टूर लीडर माइक हातात घेतो आणि हसऱ्या आवाजात गणपतीचा जयघोष करतो. त्याचा चहा राहून गेला आहे. दिवस संपायला अजून सोळा तास आहेत.

यातले एकेक काम सुटे घेतले तर कोणतेच अवघड नाही. अवघड आहे ते सगळे एकाच माणसाकडे असणे. आपल्याकडे गटाने प्रवास करण्याची परंपरा जुनी आहे. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावरील कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी चारशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगत पंढरपूरला जाते. दिंडीत विणेकरी वेगळा, शिस्त पाहणारा चोपदार वेगळा, स्वयंपाकाचे आणि सामानाच्या गाडीचे पाहणारे वेगळे. चालण्याचा वेग आणि विसाव्याची ठिकाणे परंपरेने ठरलेली असतात, आणि त्याबद्दल कोणी कोणाला जबाब विचारत नाही. शिवाय वारकरी स्वतःला गिऱ्हाईक समजत नाही. वाट खडतर असणे हा वारीचाच भाग असतो. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुकने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे एक शिलिंग दराने रेल्वेने नेली, तेव्हापासून दुसरी रीत रुळली : आधी पैसे भरायचे, नंतर त्या पैशात ठरलेले सगळे विनासायास मिळाले पाहिजे. १९८४ मध्ये केसरीभाऊ पाटील यांनी सुरू केलेली केसरी टूर्स, २०१३ मधली वीणा वर्ल्ड, आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या यात्रा कंपन्या यांनी ही रीत मराठी घरात आणली. सोबतीला मराठी जेवण आणि मराठी बोलणारा माणूसही दिला. ज्यांनी आयुष्यात जिल्ह्याची हद्द ओलांडली नव्हती त्यांना या व्यवस्थेने हिमालय दाखवला, ही गोष्ट लहान नाही. मात्र दिंडीत चार-पाच जणांत वाटलेले काम तिने एका माणसावर आणून ठेवले. एरिक कोहेन यांनी १९८५ च्या लेखात गाइडच्या भूमिकेची फोड करताना वाट दाखवणे, गट एकत्र ठेवणे, बाहेरच्या जगाशी मध्यस्थी करणे आणि समजावून सांगणे अशा अनेक पदरांकडे लक्ष वेधले. या अभ्यासाची सुरुवात आजही त्या लेखापासून करावी.

ताणाच्या सिद्धान्तांकडे वळू. पहिला रॉबर्ट कारासेक यांचा, १९७९ चा. काम कितीही जड असो, ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा माणसाला असेल तर ताण तुलनेने पेलतो. मागणी मोठी आणि मुभा थोडी, अशी स्थिती सर्वांत वाईट. बोरधरणच्या फाटकावर हे स्पष्ट दिसते. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळाने तो देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक आहे. फाटकाची वेळ वनविभागाची, गाड्यांची संख्या वनविभागाची, वाट जिप्सीवाल्याची आणि वाघ कोणाचाच नाही. तरी बाहेर आल्यावर सवाल टूर लीडरलाच : "भाऊ, वाघ तं दिसलाच नाही. हरणं पाह्याले पैसे भरले का आम्ही?" याला उत्तर नसते आणि उत्तर न देऊनही चालत नाही. रेल्वेचा उशीर, घाटातली दरड, हॉटेलने ऐनवेळी बदललेली खोली या सगळ्यांचे असेच होते. ज्यावर आपली सत्ता नाही त्याबद्दल आपण जबाबदार ठरणे, हा या कामाच्या ताणाचा गाभा आहे आणि पुस्तकातली बहुतेक प्रकरणे फिरून तेथेच येतात. जेफ्री जॉन्सन आणि एलेन हॉल यांनी १९८८ मध्ये कारासेक यांच्या मांडणीत सहकाऱ्यांच्या आधाराची भर घातली. टूर लीडरचे सहकारी म्हणजे ड्रायव्हर आणि महाराज. कधी तेच त्याचा मोठा आधार असतात, कधी सगळ्यात मोठी डोकेदुखी.

दुसरी कल्पना भूमिकांच्या ओढाताणीची. रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ती मांडली. एकाच माणसाकडून वेगवेगळे लोक परस्परविरोधी अपेक्षा करतात तेव्हा तो कोणाचे तरी मन मोडतोच. सेवाग्रामला बापू कुटीपाशी उभे राहून पाहावे. माती-बांबूची ती खोली शांत बसून पाहायची आहे. पायताण बाहेर, आवाज खाली. गटातल्या दोन निवृत्त शिक्षिकांना तेथून उठावेसे वाटत नाही. बाकीच्यांना चहा हवा आहे, कोणाला स्वच्छतागृह. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही एवढाच त्याचा उपकार, कारण त्याला अंधार पडायच्या आत नागपूर गाठायचे आहे. कंपनीच्या कागदावर या थांब्याला पाऊण तास दिलेला आहे. टूर लीडरने घड्याळ पाहिले की शिक्षिकांना तो रुक्ष वाटतो, नाही पाहिले की कंपनीला ढिला.

तिसरी कल्पना सर्वांत जास्त वापरली जाते, आणि सर्वांत जपून वापरायला हवी. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात विमानातल्या हवाई सेविकांच्या कामाला भावनिक श्रम म्हटले. चेहऱ्यावरचे हसू हा तेथे पगाराच्या बदल्यात द्यायच्या मालाचा भाग असतो; काही जणी ते वरवर आणतात, काही जणी तसे खरेच वाटावे यासाठी मनाला वळण लावतात. टूर लीडरला हे लागू पडते, पण मराठी गटात आणखी एक गोष्ट घडते. दुसऱ्या दिवसापर्यंत तो 'भाऊ' किंवा 'बेटा' होतो, गिऱ्हाईक 'काकू' आणि 'मावशी' होतात. अंताक्षरी होते, डब्यातला चिवडा त्याच्या हातावर येतो. हवाई सेविकेला नुसते हसायचे असते. याला पुतण्या व्हायचे असते. त्यामुळे थकलेल्या दिवशीही त्याला बळ मिळते, आणि त्याचमुळे नाही म्हणणे अशक्य होते. रात्री अकराला खोलीचा पंखा बंद पडला की काकू रिसेप्शनला फोन करत नाहीत, त्यालाच करतात. नात्याची ही भाषा ताण वाढवते की झेलते? हा प्रश्न पाश्चात्त्य साहित्यातून तयार मिळणार नाही. तो येथेच, वऱ्हाडी बोलणाऱ्या बसमध्ये सोडवावा लागेल.

आर्विंग गॉफमन यांनी १९५९ मध्ये रोजच्या वागण्यातला रंगमंच आणि त्यामागची विंग हा भेद दाखवला. वेटरला स्वयंपाकघर असते, शिक्षकाला शिक्षकांची खोली. टूर लीडर गटाच्याच हॉटेलात झोपतो, त्यांच्याच पंगतीत जेवतो, त्यांच्याच बसमध्ये डुलकी काढतो आणि ती डुलकीही कोणीतरी पाहते. त्याला विंगच नाही. पूर्वी सहल संपली की निदान नाते विरळ होई. आता व्हॉट्सॲपचा गट परतल्यावरही चालू राहतो.

चौथी कल्पना योहानेस सीग्रिस्ट यांची, १९९६ ची : माणूस किती झिजतो आणि त्याला मोबदला, मान, स्थैर्य किती मिळते, यांचा तोल. अनेकांचा मोबदला सहलीगणिक असतो, टिप नशिबावर आणि पुढची सहल शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मवर. तो फॉर्म परतीच्या बसमध्ये, थकलेल्या माणसांनी, हलत्या पेनाने भरलेला असतो. हॉटेलचे जेवण आवडले नाही याचे उट्टे 'टूर लीडरची वागणूक' या चौकोनात निघते. संशोधकाला मात्र हे फॉर्म म्हणजे मोठे साधन आहे; फक्त ते टूर लीडरविषयी जेवढे सांगतात तेवढेच गटाविषयीही सांगतात, हे विसरू नये.

कामाच्या तासांचा प्रश्न याहून सरळ आहे. भारतात १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. युरोपच्या २००६ च्या नियमावलीत बस चालवण्याची दैनिक मर्यादा साधारण नऊ तासांची आहे. साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती द्यावी लागते आणि टॅकोग्राफ नावाचे यंत्र त्याची नोंद ठेवते. युरोपला गट नेणारे टूर लीडर हे नियम तोंडपाठ असल्यासारखे सांगतात, कारण ड्रायव्हर थांबला की गटाला कारणे द्यावी लागतात. त्याच बसमध्ये पुढे बसलेल्या टूर लीडरचे तास मात्र कोणतेही यंत्र मोजत नाही. ड्रायव्हरची विश्रांती हा रस्त्यावरच्या सुरक्षेचा प्रश्न म्हणून मान्य झाला. टूर लीडरची विश्रांती अजून त्याची खासगी बाब समजली जाते.

ती खासगी नाही, हे संकटाच्या वेळी दिसते. १६-१७ जून २०१३ ला केदारनाथला पूर आला तेव्हा विदर्भातल्या शाळांची सुट्टी चालूच होती. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरन पठारावर सव्वीस जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. खोऱ्यात त्या दिवशी राज्यातले कितीतरी पर्यटक होते. अशा वेळी प्रशासनाची माणसे पोचण्याआधी गटाशी बोलायला एकच माणूस असतो. घाबरलेल्यांना धीर द्यायचा, घरच्यांचे फोन घ्यायचे, औषधे, पाणी, परतीचे तिकीट पाहायचे, आणि स्वतःच्या घरी 'मी बरा आहे' एवढेच सांगायचे. आधीच सोळा तास जागा असलेला माणूस हे किती नीट करू शकेल, हा पर्यटकांच्याही जिवाचा प्रश्न आहे.

यातून कोणी टूर लीडरला रुग्ण समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पुरते थकून जाण्याची, नोंद व्यावसायिक घटना म्हणून केली आहे, आजार म्हणून नव्हे. २०२१ चे आयएसओ ४५००३ हे मानकही कामाच्या ठिकाणचे मानसिक धोके कामाच्या रचनेत शोधायला सांगते. आपल्याकडे मात्र उपाय म्हणून ध्यानाचे शिबिर आणि सकारात्मक विचारांचे व्याख्यान ठेवतात. ध्यान चांगलेच आहे. पण दोन कमी भरलेली डोकी शोधायला दुसरा माणूस दिला तर जो फरक पडेल तो ध्यानाने पडणार नाही.

या संदर्भात वर्ध्याकडे स्वतःचा असा एक सिद्धान्तही आहे, तो वाचकाने दूर ठेवू नये. जे. सी. कुमारप्पा १९३४ पासून येथे मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होते. चाळीसच्या दशकात तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकात त्यांनी कामाचा विचार मांडला. कामात कष्टाचा अंश असतो तसा आनंदाचा आणि घडण्याचाही. अन्न शरीराला पोसते तसे योग्य प्रकारचे काम माणसाच्या वरच्या शक्तींना पोसते. हे दोन अंश तोडून एकाकडे नुसते कष्ट आणि दुसऱ्याकडे नुसता आनंद दिला की दोघेही उणे होतात. पुढे शूमाखर यांनी १९७३ च्या 'स्मॉल इज ब्यूटिफुल'मध्ये हा विचार जगापुढे नेला. गटसहल कुमारप्पांच्या नजरेने पाहिली तर बरेच उलगडते. पर्यटक निर्भेळ आनंद विकत घेतो. प्रवासातले कष्ट संपत नाहीत, ते एका माणसाकडे जातात आणि ते दिसू न देणे हेही त्याचेच काम ठरते. तरीही अनेक टूर लीडर हे काम सोडत नाहीत, कारण पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या आजींचा चेहरा त्यांना पाहायचा असतो. घडण्याचा अंश त्यात शिल्लक आहे. ताण मोजताना तो अंशही मोजला नाही तर निष्कर्ष अर्धा राहील.

अभ्यासाच्या पद्धतीविषयी थोडे. मास्लाक यांची १९८१ ची बर्नआउट प्रश्नावली किंवा कारासेक यांची कामाच्या स्वरूपाची प्रश्नावली वापरायला हरकत नाही, पण या पेशातल्या माणसाला 'सगळं छान चाललंय' म्हणण्याची सवय असते, आणि ती सवय प्रश्नावलीतही उतरते. म्हणून तासवारी टिपणे घ्या. ड्रायव्हर आणि महाराज यांनाही बोलते करा. त्यांच्या साक्षीशिवाय चित्र एकांगी राहते. व्हॉट्सॲपचे संदेश वापरायचे तर गटाची संमती घ्या. महिलांच्या खास सहली महिला टूर लीडर नेतात, त्यांचे प्रश्न वेगळे नोंदवा : रात्रीची सुरक्षितता, खोली कोणाबरोबर, मासिक पाळीच्या दिवसांतला प्रवास, घरी ठेवलेली मुले. आणि चालू सहलीत मुलाखत मागू नका. तुम्हीही त्याच्या मागण्यांच्या यादीत भर घालाल.

पुस्तकाचा पहिला भाग संकल्पनांचा आहे, दुसरा क्षेत्रकार्याचा, तिसरा उपायांचा. घाई असेल त्याने तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. सोबतीला मदतनीस, आठवड्यातली एक मोकळी रात्र, फीडबॅक फॉर्ममध्ये टूर लीडरच्या हातात असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींची फारकत, यांसारख्या साध्या सूचनांवर तेथे चर्चा आहे.

कामाला लागायचे असेल तर जुलै-ऑगस्ट चांगला. शाळा सुरू असतात, पावसाळ्यामुळे जंगलाचा गाभा पर्यटकांना बंद असतो, आणि टूर लीडर घरी सापडतो. त्याच्याकडे जा, मागच्या हंगामातला एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत तासातासाने सांगायला सांगा, आणि प्रत्येक तासापुढे दोन गोष्टी लिहा : त्या तासात त्याच्याकडून काय अपेक्षित होते, आणि त्यातले किती त्याच्या हातात होते. ते दोन रकाने भरले की तुमचे पहिले प्रकरण तयार होईल.